सीमेवरच्या संगणक-खोल्या

लातूर रोडहून विकाराबादकडे जाणारी गाडी उदगीर सोडते आणि कमालनगरला कर्नाटकात शिरते. पुढे भालकी, मग बिदर. डब्यातल्या माणसाला हद्द ओलांडल्याचे कळतही नाही. दोन्हीकडच्या फलाटांवर मराठी ऐकू येते. शाळकरी मुलाला मात्र ती हद्द पुस्तकाच्या पहिल्याच पानावर दिसते. उदगीरच्या मुलाचे मराठीचे पुस्तक पुण्याच्या बालभारतीचे, कमालनगरच्या मुलाचे बंगळुरूहून आलेले. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच बिदर जिल्ह्यात होती. राज्यपुनर्रचनेत उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रकडे, आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्याकडे. दक्षिणेला आळंद-अफजलपूरचा पट्टा, ज्याची सोयरीक अक्कलकोट-सोलापूरशी, तो गुलबर्ग्याबरोबर म्हैसूरला गेला. बाजारहाट एकीकडे आणि अभ्यासक्रम सातशे किलोमीटरवरच्या बंगळुरूचा, अशी इथल्या मराठी शाळांची स्थिती तेव्हापासूनची.

शिक्षणाची भाषा बदलणे या भागाला नवे नव्हते. निजामाच्या सरकारने १९१७ साली हैदराबादला ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतरखाते काढले आणि पुढच्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. रसायनापासून वैद्यकापर्यंत सगळे उर्दूतून. बिदर-गुलबर्ग्यातल्या मराठी किंवा कन्नड घरातला मुलगा वरच्या शिक्षणाला गेला तर उर्दूतूनच. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर उर्दूचे ते स्थान गेले, १९५६ नंतर कन्नड राज्यभाषा झाली आणि मराठी शाळा अल्पसंख्याक भाषेच्या शाळा ठरल्या. एकाच घरात आजोबा उर्दूतून, वडील मराठीतून आणि धाकटा काका कन्नडमधून शिकलेला, हे इथे कोणाला नवल वाटत नाही. संगणक आला तेव्हा त्याने आणखी एक भाषा आणली. ती पुस्तकातून आली नाही, पडद्यावरच्या मेन्यूमधून आली.

भारतातल्या शाळांत सरकारी योजनेने संगणक पहिल्यांदा पोहोचला १९८४-८५ साली. योजनेचे नाव ‘क्लास’, म्हणजे शाळांमधील संगणक साक्षरता आणि अभ्यास. यंत्र होते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. बीबीसीने आपल्या प्रेक्षकांना संगणक शिकवण्यासाठी दूरचित्रवाणी मालिका काढली होती, तिच्या जोडीला हे यंत्र जन्मले. स्मृती ३२ किलोबाइट. आज मोबाइलने काढलेल्या एका फोटोला याच्या शंभरपट जागा सहज लागते. मुलांना प्रोग्रामर बनवणे हा योजनेचा हेतू नव्हता, त्यांची संगणकाची भीती मोडायची होती. हेतू चांगला होता, पण आकडा पाहा: देशभर मिळून २४८ शाळा. १९८१च्या जनगणनेत भारतात ४१२ जिल्हे होते. म्हणजे जिल्ह्यामागे एक शाळासुद्धा नाही. बरोबर आलेले बरेचसे सॉफ्टवेअर विलायती मुलांसाठी लिहिलेले, आपल्या इयत्तांशी त्याचा मेळ बसत नव्हता. बिदर-गुलबर्ग्यासारख्या कोपऱ्यातल्या जिल्ह्यांत त्या काळी संगणक पाहायचा तर अभियांत्रिकी महाविद्यालयात जावे लागे. गुलबर्ग्याचे पूज्य दोड्डप्पा अप्पा महाविद्यालय १९५८पासूनचे. बिदरचे गुरु नानक देव महाविद्यालय १९८०चे, आणि भालकीलाही पुढे ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले.

पुढच्या दशकात संगणक तालुक्याच्या गावात आला तो शाळेत नव्हे, टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये. रेमिंग्टनच्या यंत्रांची खडखड चालू असलेल्या खोलीच्या एका कोपऱ्यात पडदा लावून एक-दोन संगणक, आणि बाहेरच्या पाटीवर चार नावे एका ओळीत: डॉस, वर्डस्टार, लोटस, डीबेस. नव्वदच्या दशकात मराठवाड्यापासून कर्नाटकापर्यंत कुठल्याही बसस्थानकाजवळ ही पाटी सापडायची.

या चारांतली शेवटची तीन म्हणजे ज्याला आपण सर्वसाधारण उपयोगाचे सॉफ्टवेअर म्हणतो त्याचे आद्य नमुने. वर्डस्टार लिहिण्यासाठी, लोटस आकडेमोडीच्या तक्त्यांसाठी, डीबेस याद्या आणि नोंदी ठेवण्यासाठी. रेल्वेचे आरक्षण करणारा प्रोग्राम फक्त आरक्षण करतो. या सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते उघडले की समोर कोरे पान किंवा रिकाम्या चौकटी येतात, आणि त्यात काय करायचे हे वापरणाऱ्याने ठरवायचे. १९७९ साली व्हिसिकॅल्क हा पहिला मोठा तक्ता-प्रोग्राम निघाला, तो हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनला आपलेच हिशोब पुन्हापुन्हा खोडून लिहावे लागत होते म्हणून. आधी काम होते, मग त्यासाठी सॉफ्टवेअर आले. शाळांमध्ये पुढची पंचवीस वर्षे नेमका उलटा प्रवास झाला, असे माझे मत आहे: सॉफ्टवेअर आले, आणि त्यात करायचे काम कोणी दिलेच नाही. सीमाभागात तर ते काम ज्या भाषेत करायचे, ती भाषाही पडद्यावर नव्हती.

ती का नव्हती, ही गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण एकदा ती आली होती. तीही कन्नडच्या हातात हात घालून.

ऐंशीच्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी एक तंत्र बांधले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक निघाल्यावर ते काम तिकडे आले आणि ‘जिस्ट’ या नावाने प्रसिद्ध झाले. साध्या पीसीमध्ये एक कार्ड बसवायचे, की वर्डस्टारसारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही देवनागरी उमटे. मुळातली कल्पना फार सुंदर होती. नागरी, कन्नड, तेलुगू, गुजराती या सगळ्या लिप्या ब्राह्मीच्या पोटच्या; वर्णमाला तीच, वळण वेगळे. मग प्रत्येक लिपीला वेगळा संकेतांक कशाला? ‘क’ला एकच क्रमांक द्या, तो नागरी वळणाने दाखवायचा की कन्नड, हे नंतर ठरवा. याच विचारातून ‘इस्की’ ही संकेतप्रणाली निघाली, आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने तिला आयएस १३१९४ म्हणून मान्यता दिली. जिस्टच्या पडद्यावर एका लिपीत टाइप केलेला मजकूर दुसऱ्या लिपीत पालटून बघता येई.

जोडीला इन्स्क्रिप्ट हा की-बोर्ड आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने, सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच आराखडा. आळंद हे नाव घ्या. ते मराठीत आणि कन्नडमध्ये अक्षरशः सारखेच लिहितात: आ, ळ, अनुस्वार, द. इन्स्क्रिप्टवर ‘आ’साठी शिफ्ट दाबून इंग्रजी ‘ई’ची कळ, ‘ळ’साठी शिफ्ट आणि ‘एन’, अनुस्वारासाठी ‘एक्स’, ‘द’साठी ‘ओ’. भाषा मराठी ठेवा की कन्नड, बोटे त्याच कळांवर पडतात. दोन भाषांच्या शाळा एकाच गल्लीत असलेल्या बिदर जिल्ह्यासाठी याहून सोयीचे काही कोणी शोधू शकले नसते. सकाळी कन्नड तासाला जे बोटांना शिकवले ते दुपारी मराठीला उपयोगी पडले असते.

पण ते झाले नाही. विंडोज आले आणि बाजाराने वेगळी वाट धरली. छपाईवाल्यांना, पत्रिका छापणाऱ्यांना सुंदर वळणाचे अक्षर हवे होते. प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट काढला आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या मनाला येतील तशा बसवल्या. पुण्याच्या मॉड्युलरची श्री-लिपी, बंगळुरूच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे स्वतःचे आयएसएम. एकात टाइप केलेले दुसऱ्यात वाचता येत नसे. उदगीर किंवा सोलापूरच्या डीटीपी सेंटरमध्ये करून घेतलेली प्रश्नपत्रिका शाळेच्या संगणकावर उघडली की पडद्यावर स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी. संगणकाच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटे घातले होते, एवढेच.

याचा खरा फटका शाळेला बसला तो दिसण्यात नव्हे, कामात. हजेरीपटावरची नावे एक्सेलमध्ये मराठी फॉन्टने टाका आणि अ-आ-इ क्रमाने लावायला सांगा: आतल्या इंग्रजी क्रमांकांप्रमाणे भलताच क्रम लागतो. एखादे नाव शोधा, सापडत नाही, कारण ‘शोधा’च्या चौकटीत तो फॉन्टच नाही. तक्ता-प्रोग्रामची जी दोन कामे मुलाला सगळ्यांत आधी दाखवावीत, तीच मराठीत चालत नव्हती. मग शिक्षक नावे इंग्रजीत टाकायला लागले. अजूनही बऱ्याच शाळांच्या याद्या इंग्रजीत असतात, त्याचे मूळ या सवयीत आहे.

कन्नडची अडचण वेगळी नव्हती, पण तिच्यामागे राज्य होते. के. पी. राव यांनी आवाजाप्रमाणे कळा लावलेला की-बोर्ड बसवला, कन्नड गणक परिषदेने तो उचलला, आणि ‘नुडी’ या सॉफ्टवेअरमधून तो कर्नाटक सरकारच्या कचेऱ्यांत पोहोचला. त्याच सुमारास, १९९८ साली, शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी ‘बरह’ काढले. ते कन्नडसाठी जन्मले, पण पुढे त्यात देवनागरीही आली, आणि रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की मराठी उमटू लागली. सीमाभागातल्या मराठी शिक्षकांना ते सोयीचे होते: बंगळुरूचे सॉफ्टवेअर, एका यादीतून भाषा निवडली की झाले. मात्र सी-डॅकच्या समान की-बोर्डची कल्पना यात मागे पडली. कन्नडला राव यांचा, मराठी कचेऱ्यांना टाइपरायटरचा, आणि घरी रोमन अक्षरांचा, असे तीन की-बोर्ड एकाच गावात नांदू लागले.

२००१-०२ साली कर्नाटक सरकारने ‘माहिती सिंधू’ योजना आणली. एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री होते, बंगळुरूचे नाव जगभर गाजत होते, आणि त्या नावाचा थोडा वाटा खेड्यातल्या मुलांनाही मिळावा असा विचार होता. राज्यातल्या १,००० सरकारी हायस्कुलांमध्ये आठवी ते दहावीच्या मुलांना संगणक शिकवायचा. पाच वर्षांसाठी काम खासगी कंपन्यांकडे: यंत्रे त्यांची, सॉफ्टवेअर त्यांचे, शिकवणारा माणूसही त्यांचाच.

त्या काळातली संगणक-खोली ज्यांनी पाहिली त्यांना तिचे कर्मकांड आठवेल. चपला बाहेर. खिडक्यांना जाळी, दाराला दोन कुलुपे, यंत्रांवर कापडी अभ्रे. खंडेनवमीला सीपीयूला हळद-कुंकू आणि मॉनिटरला झेंडूची माळ. आत एका यंत्रासमोर तीन-चार मुले. माऊस एकाच्या हातात, बाकीच्यांची बोटे पडद्याकडे. मुलीच्या हातात माऊस कमी वेळा येई, हेही त्याच काळात पाहणाऱ्यांच्या लक्षात आलेले. वीज हा निराळाच विषय. उत्तर-पूर्व कर्नाटकासाठी गेस्कॉम ही वीज कंपनी २००२ साली निघाली, पण गावच्या फीडरला तास ठरवून देणारा माणूस शाळेचे वेळापत्रक बघत नसे. यूपीएसच्या बॅटऱ्या दोन उन्हाळ्यांत बसल्या की खोलीला कुलूप.

शिकवायचे काय, हे मात्र ठरलेले. संगणकाचे भाग, विंडोज, पेंट, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. मुलांनी फाइल उघडली, बंद केली, अक्षर ठळक केले, तिरके केले, पुन्हा सरळ केले. ‘माय स्कूल’वर दहा ओळी टाइप केल्या. पेंटमध्ये मात्र मुले रमली, कारण पेंटला भाषा लागत नाही: घर, डोंगर, झेंडा, सूर्य. मराठी शाळेतल्या मुलाने त्या तासात स्वतःच्या भाषेतले एक वाक्य स्वतः टाइप करणे ही दुर्मीळ गोष्ट. शिकवणारा तरुण कंपनीचा, त्याला कन्नड आणि इंग्रजी येत असे. औरादच्या खेड्यातल्या वर्गाशी त्याची गाठ बहुधा दख्खनी हिंदीत पडत असणार, जशी इथे सगळ्यांचीच पडते.

इथे यंत्रणेची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कर्नाटक सरकार शालेय पुस्तके सात माध्यमांत छापते: कन्नड, इंग्रजी, हिंदी, उर्दू, मराठी, तमिळ आणि तेलुगू. गणित-विज्ञानाची मराठी पुस्तके, एसएसएलसीच्या, म्हणजे तिथल्या दहावीच्या परीक्षेच्या, मराठी प्रश्नपत्रिका, हे सगळे सीमाभागातल्या शाळांना मिळत आले आहे, आणि त्याबद्दल बंगळुरूला श्रेय द्यायला हवे. पण एसएसएलसीला पेपर सहाच: तीन भाषा, गणित, विज्ञान, समाजविज्ञान. संगणक त्यात नव्हता. परीक्षेत नाही म्हणजे पालक विचारत नाहीत, मुख्याध्यापक मार्चमध्ये तो तास गणिताला देऊन टाकतात, आणि वर्गशिक्षकाला त्या खोलीत पाऊल टाकण्याचे कारण उरत नाही.

त्याच वर्षांत या जिल्ह्यांत दुसराही एक प्रयोग चालू होता. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २००१च्या सुमारास कर्नाटकातल्या खेड्यांतल्या प्राथमिक शाळांत संगणक-साहाय्यित शिक्षण केंद्रे सुरू केली आणि त्यांच्यासाठी सीडी काढल्या. बेरजा, अपूर्णांक, प्राण्यांची घरे, सगळे खेळाच्या रूपात आणि अनेक भारतीय भाषांत. २००२ साली याच संस्थेने बिदर-गुलबर्ग्यासह उत्तर-पूर्व कर्नाटकात ‘लर्निंग गॅरंटी’ कार्यक्रम घेतला. मुले त्या सीडींवर तुटून पडत. पण सीडीत खेळ बनवणाऱ्याने उत्तरही बनवून ठेवलेले असते. मूल ते शोधते. कोऱ्या पानाशी त्याची गाठ पडत नाही. फाउंडेशनने पुढे आपला भर संगणकावरून शिक्षकांकडे वळवला, यात मला आश्चर्य वाटत नाही.

माहिती सिंधूची पाच वर्षे संपली तशी कंपनीची माणसे गेली. डिसेंबर २००४मध्ये केंद्राने ‘आयसीटी अॅट स्कूल्स’ योजना आणली होती. तिच्यातून नवी यंत्रे येऊ लागली, पुन्हा कंपन्यांमार्फत. बंगळुरूच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने २०१०च्या सुमारास कर्नाटकाची ही रीत आणि केरळची रीत शेजारी ठेवून पाहिली. गुरुमूर्ती काशिनाथन यांच्या त्या अभ्यासात निष्कर्ष स्पष्ट होता: बाहेरचा माणूस शिकवून जातो तेव्हा शाळेचा शिक्षक त्यापासून अलिप्त राहतो, आणि माणूस गेला की विद्या जाते.

केरळने वेगळे काय केले होते? तिथे ‘आयटी अॅट स्कूल’ कार्यक्रम २००१चाच. पण गणित, विज्ञान शिकवणाऱ्या शाळेच्याच शिक्षकांना प्रशिक्षण देऊन आयटी शिकवायला लावले, दहावीच्या परीक्षेत विषय आणला, आणि विंडोज सोडून लिनक्स व मुक्त सॉफ्टवेअर धरले. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे कासरगोड. केरळच्या उत्तर टोकाचा हा जिल्हा बिदरचा जुळा भाऊ शोभावा: कन्नड माध्यमाच्या शाळा, कन्नडिगांची सीमेची तक्रार, सगळे तेच. तिथल्या मुलांना केरळ सरकार आयसीटीचे पुस्तक कन्नडमध्ये छापून देते. परक्या राज्यातल्या कन्नड मुलाला संगणकाचे पुस्तक आपल्या भाषेत मिळाले, कारण तो परीक्षेचा विषय होता.

२०११च्या आसपास कर्नाटकानेही वाट थोडी बदलली. राज्याच्या शिक्षण संशोधन व प्रशिक्षण विभागाने, म्हणजे डीएसईआरटीने, माध्यमिक शिक्षा अभियान आणि आयटी फॉर चेंज यांच्यासोबत विषय-शिक्षकांचे मंच उभे केले. गणित, विज्ञान, समाजविज्ञान शिकवणाऱ्या सरकारी शिक्षकांना जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून उबुंटू, म्हणजे लिनक्सचीच एक आवृत्ती, शिकवायचे, प्रत्येकाचा ई-मेल काढून द्यायचा, आणि विषयाचा गट करायचा. काही शिक्षक पन्नाशीचे. माऊस धरताना हात थरथरणारे. त्यांना ‘फाइल मेन्यूत काय असते’ असे विचारले गेले नाही. ‘उद्या वर्गात काय शिकवणार?’ असे विचारले गेले.

यात चमकले ते जिओजिब्रा. ऑस्ट्रियात मार्कुस होहेनवार्टर याने २००१ साली सुरू केलेले हे भूमितीचे सॉफ्टवेअर. त्रिकोण काढा, एक शिरोबिंदू माऊसने ओढत न्या. तिन्ही कोन बदलत राहतात, बेरीज मात्र १८० अंशांवरच. फळ्यावर चार त्रिकोण काढून जे पटवायला अर्धा तास लागे ते इथे डोळ्यांदेखत होते. गणिताच्या शिक्षकाला संगणक शिकण्याचे कारण मिळाले ते इथे. मग घटक चाचणीचा पेपर लिब्रेऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, गुणांचा तक्ता त्यातल्याच कॅल्कमध्ये, आणि सहलीचे फोटो स्लाइडमध्ये. पुढे २०१६-१७ पासून ‘टाल्प’ नावाच्या राज्य कार्यक्रमात हेच प्रशिक्षण मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. लिब्रेऑफिस विकत घ्यावे लागत नाही, ही गोष्ट छोटी वाटते. पण पेन-ड्राइव्हवरून घरच्या यंत्रात टाकताना चोरी केल्यासारखे वाटत नाही, याचा शिक्षकावर परिणाम होतो.

भाषेचा प्रश्न तोवर आपोआप पुष्कळ सुटला होता. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच उचलली होती, त्यामुळे ती जुनी भावकी आतून टिकून राहिली. देवनागरी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांच्या युनिकोड क्रमांकांत ८९६चे अंतर आहे. ‘ळ’ आणि कन्नड ‘ळ’ यांच्यातही ८९६च. कोष्टक सरकवून बसवावे तशा दोन लिप्या समांतर उभ्या आहेत. एक गंमत तर फारच थोड्यांना माहीत असेल. तऱ्हा, सुऱ्या या शब्दांतला तो पापणीसारखा र: युनिकोडमध्ये त्यासाठी ‘ऱ’ हे अक्षर वापरतात, आणि ते देवनागरीत ठेवले आहे द्राविडी भाषांतला कठोर र लिहिण्यासाठी. कन्नडच्या कोष्टकात बरोबर त्याच जागी जुन्या कन्नडमधला, आता वापरातून गेलेला र बसला आहे. मराठीची ही खास खूण कन्नडच्या अडगळीतल्या अक्षराशेजारी राहते.

विंडोजपुरते पाहिले तर मराठी कन्नडच्या आधी पोहोचली: २०००च्या आवृत्तीत देवनागरी होती, कन्नड आली २००१च्या एक्सपीमध्ये. शाळांना हे कळायला आणखी आठ-दहा वर्षे गेली, कारण जुनी यंत्रे आणि जुने फॉन्ट सहज सुटत नाहीत. उबुंटूत मात्र की-बोर्डच्या यादीत शोधले तर एक नोंद सापडते जी पाहून मला हसू आले होते: मराठी, ‘कगप’. हे कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. बंगळुरूने कन्नडसाठी बसवलेल्या की-बोर्डवर देवनागरी लावून कोणीतरी मराठीचा आराखडा तयार करून ठेवला आहे. सी-डॅकने इन्स्क्रिप्टमधून जे करू पाहिले ते असे मागच्या दाराने आले. नुडीची सवय असलेला बिदरचा मराठी शिक्षक कुठलाही वर्ग न लावता यावर मराठी टाइप करू शकतो.

प्रमाणपत्रांचे मात्र अजून जुळलेले नाही. महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएल, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, स्थापन झाले आणि पाठोपाठ त्याची एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा आली. उदगीर, निलंगा, उमरगा, अक्कलकोट, सगळीकडे तिची केंद्रे आहेत आणि तिच्यात मराठी टंकलेखन येते. कर्नाटकाने २०१२ साली सरकारी नोकरांसाठी संगणक साक्षरता चाचणीचे नियम केले. ती परीक्षा किऑनिक्स हे कर्नाटक सरकारचे महामंडळ घेते आणि तिच्यात नुडीतले कन्नड येते. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात संसदेने ९८वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ३७१ जे कलमाने हैदराबाद-कर्नाटकातल्या स्थानिकांना नोकऱ्यांत व शिक्षणात राखीव जागा मिळाल्या. बिदर-गुलबर्ग्याच्या (आताच्या कलबुर्गीच्या) मराठी शाळांतल्या मुलांना बंगळुरूकडच्या नोकरीची वाट त्यामुळे पूर्वीपेक्षा जवळची झाली. दुसरीकडे महाराष्ट्र सरकार दावा असलेल्या ८६५ सीमावर्ती गावांतल्या मराठी उमेदवारांना आपल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करू देते, आणि त्या यादीत या दोन जिल्ह्यांतली गावेही आहेत. भालकीकडच्या ज्या मुलाला दोन्ही दारे उघडी ठेवायची असतात, तो उदगीरला जाऊन एमएस-सीआयटी करतो, आणि पुढे द्याव्या लागणाऱ्या किऑनिक्सच्या परीक्षेसाठी नुडीवर कन्नडचा सरावही करतो. एक्सेलचा धडा दोन्हीकडे जवळपास तोच असतो. फी दोनदा भरावी लागते.